कॉमिक्सवरून मन उडालं म्हणतोस, तर…

प्रिय मित्रा,

तुझं पत्र सावकाश वाचलं. कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या त्या मोठ्या प्रदर्शनाला गेलास, जुन्या अंकांच्या टेबलापाशी पोचलास, यादीत कधीचा अडकलेला अंक समोर दिसला, भावही झेपणारा होता, तरी खिशाकडे हात गेला नाही. घरी येऊन खोक्यांकडे बघितलंस आणि वाटलं, हे सगळं कशासाठी? आता विचारतोस की सगळं विकून टाकू का, आणि विकायचं तर कुठे.

विकण्याचं पुढे सांगतो. आधी एक गोष्ट ऐक: पुढचे सहा आठवडे एकही अंक विकू नकोस आणि एकही घेऊ नकोस. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरच्या लिलावांच्या गटांचे आवाज बंद कर. गट सोडायची गरज नाही, पण रोज रात्री तिथे डोकावणं थांबव. मन उडालेल्या माणसाचा संग्रह दोन तासांत कवडीमोलाने जातो. मग सहा महिन्यांनी तेच अंक तिप्पट भावाने परत घ्यायची वेळ येते.

मन तिथेच का उडालं, हे आधी समजून घेऊ. 2011 च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटात आपल्याकडची पहिली कॉमिक कॉन भरली. आता मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद अशा बऱ्याच शहरांत ती भरते. आज तिथे कॉस्प्ले (पात्रांचे वेश करून येणं), गेमिंग, टी-शर्ट, पात्रांच्या छोट्या मूर्ती आणि पोस्टर यांचा पसारा मोठा असतो, आणि जुने छापील अंक मांडलेली टेबलं त्या मानाने थोडी. ही तक्रार नव्हे. पोरं हौसेने सजून येतात, नवे चित्रकार स्वतःचे अंक स्वतः विकतात, हे चांगलंच आहे. पण जुने अंक शोधायला गेलेल्याला ती जागा दमवते. कानठळ्या बसवणारा आवाज, डोळ्यांवर येणारे दिवे, मागून ढकलणारी गर्दी. अंक पिशवीत बंद, म्हणून चाळता येत नाही. त्यात तू एकाच दिवसात शेकडो मुखपृष्ठं बघतोस आणि प्रत्येकाला मनात हो किंवा नाही म्हणतोस. तिसऱ्या-चौथ्या तासाला मन सगळ्यालाच नाही म्हणायला लागतं. त्या घटकेला झालेलं मत खरं मानू नये.

आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त खोल आहे. एरवी तुझ्याकडे जे आहे त्याचीच तुला सवय असते. प्रदर्शनात तुला जे नाही ते सगळं एकदम दिसतं, आणि प्रत्येकावर भावाची चिठ्ठी असते. अंकाची गोष्ट होण्याआधी त्याचा आकडा होतो. जमवणाऱ्याचं मन या जागी मोडतं, हे तुझ्या एकट्याच्या बाबतीत घडलेलं नाही.

आता नेमकं काय उडालंय ते शोध. थकवा असेल तर तो दोन आठवड्यांत आपोआप जातो, त्यावर वेळ घालवत नाही. उरतात तीन शक्यता: यादीचा कंटाळा, भावाचा उबग, किंवा त्या गोष्टींतूनच तू मोठा होऊन बाहेर पडलास. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी ही परीक्षा कर.

खोक्यांतून न बघता पंचवीस अंक काढ. मुखपृष्ठ बघ, पण उघडू नकोस, आणि आतली गोष्ट, एखादं चित्र, एखादा संवाद आठवतो का ते कागदावर लिही. मग रोज रात्री एक अंक वाच, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. वाचून झाल्यावर एकच खूण कर: पुन्हा वाचेन की नाही. पंचवीसपैकी दहा-बारांवर ‘वाचेन’ आलं, तर तुझं कॉमिक्सवरचं प्रेम शाबूत आहे, कंटाळा फक्त यादीचा आहे. दोन-तीनच आले, तर ती गोष्ट तुझ्यापुरती संपली आहे, आणि तेही ठीक. गोष्टी आठवल्या नाहीत पण कुठला अंक कितीला घेतला हे मात्र चटकन आठवलं, तर तुला भावाने पकडलंय.

यादीच्या कंटाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या पत्रावरून मला तोच दिसतो. तू इंद्रजाल कॉमिक्सचा अख्खा संच करायला निघाला होतास. टाइम्स ऑफ इंडियाने ही मालिका मार्च 1964 मध्ये सुरू केली आणि 1990 मध्ये ती बंद पडली. तेवढ्या काळात आठशेच्या वर अंक निघाले. इंग्रजी मालिकेत पहिले 443 अंक सलग क्रमांकाचे, पुढे खंड आणि अंक अशी मोजणी. 123 आणि 124 हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत. हे माहीत नसलेली माणसं त्या दोन अंकांच्या मागे धावतात. मराठी आवृत्तीचा हिशोब याहून अवघड. ती घरोघरी पोरांनी वाचून फाडली, मग रद्दीत गेली. अशा मालिकेत सुरुवातीचे दोन-तीनशे अंक भराभर मिळतात, त्यात मजा असते. पुढे शेवटचे पन्नास गाठायला आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त पैसा आणि वर्षं जातात. त्या टप्प्यावर वेताळ आणि मॅन्ड्रेक हे त्यातले नायक बाजूला पडतात, मन धावतं ते यादीतल्या रिकाम्या चौकोनांमागे. चौकोन भरला की क्षणभर समाधान, आणि अंक न वाचताच खोक्यात. तुझ्या खोक्यांत न वाचलेले किती आहेत ते मोज. चौथ्या हिश्शापेक्षा जास्त निघाले, तर जमवणं वाचण्याच्या पुढे पळालंय.

यावर उपाय म्हणजे यादीची दिशा बदलणं. क्रमांकांऐवजी चित्रकाराचा हात शोध. अमर चित्र कथेचंच घे. अनंत पै यांनी ती 1967 मध्ये सुरू केली, पण पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. ‘कृष्ण’ हा अकरावा, आणि त्याची चित्रं राम वाईरकरांची. हेच वाईरकर पुढे टिंकलमध्ये सुपंडी काढतात. एकाच माणसाचा हात आधी गोकुळात आणि मग एका भोळ्या नोकराच्या गोंधळात कसा चालतो, हे दोन्ही अंक शेजारी ठेवून बघ. प्रताप मुळीक पुण्याचे. त्यांनी अमर चित्र कथेसाठी पुराणं आणि इतिहास रंगवला, आणि राज कॉमिक्ससाठी नागराज हा सुपरहीरोही काढला. खांदे, मनगटं, कापडाच्या चुण्या बघ, दोन्हीकडे तोच माणूस सापडेल. वसंत हळबे यांचा शिकारी शंभू घे: टोपीखाली डोळे कायम झाकलेले, तरी घाबरलेला माणूस तुला लगेच ओळखू येतो. ते कशातून येतं? गुडघ्यांतून, बोटांतून. आबिद सुरतींचा बहादूर 1976 मध्ये इंद्रजालमध्ये आला, त्याची चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. परदेशी वेताळाच्या पंक्तीला बसलेला हा आपल्या मातीतला नायक पहिल्या वर्षात कसा दिसतो आणि पुढे कसा बदलतो, एवढ्यासाठीसुद्धा वीस अंक ठेवण्यासारखे आहेत. असा संग्रह चाळीस अंकांत पुरा होतो, आणि त्यातला प्रत्येक अंक तू पाच वेळा उघडतोस.

भावाचा उबग असेल, तर भाव कशाला मिळतो हे नीट शिकून घे. ते कळलं की आकड्यांची भीती जाते. जुन्या अंकात सगळ्यांत मोठी फसगत पुनर्मुद्रणात होते. अमर चित्र कथेचे अंक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापले गेले. सुरुवातीच्या छपाया पैसे वाचवण्यासाठी पिवळ्या, निळ्या, हिरव्या अशा मोजक्या रंगांत झाल्या, पूर्ण रंगीत छपाई नंतर आली. म्हणून जुनी छपाई म्हणून दाखवलेला अंक आतून झगझगीत रंगीत असेल तर जपून. मुखपृष्ठावरची किंमत, आत छापलेला प्रकाशकाचा पत्ता आणि मागच्या पानावरच्या इतर अंकांची यादी, या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतात का बघ. यादीत त्या सालानंतर निघालेली नावं असतील, तर छपाई नंतरची.

पानं पूर्ण आहेत का, हे बघण्याची रीत नीट सांगतो, कारण प्रदर्शनात घाईने घेतलेल्या अंकांत इथेच घात होतो. अंक तळहातावर आडवा ठेव, कण्याला खालून आधार दे, आणि काटकोनापेक्षा जास्त उघडू नकोस. थेट मध्यावर जा, जिथे पिनांची टोकं वळलेली दिसतात. मुखपृष्ठ सोडून 32 पानांचा अंक असेल तर आत दुमडलेले आठ ताव असतात, प्रत्येकावर चार पानं. मधला ताव गळाला तर 15 ते 18 ही सलग चार पानं जातात, आणि गोष्ट तिथे उडी मारते. बाहेरून दुसरा ताव गेला तर सुरुवातीची 3 आणि 4 जातात आणि शेवटाकडची 29 आणि 30. म्हणजे एका ठिकाणी पान कमी दिसलं तर त्याचा जोडीदारही शोध. अर्धाच ताव फाडलेला असेल तर त्याचा दुसरा अर्धा पिनेत लटकत राहतो, बोट लावलं की हलतो. मग कोडी आणि ‘फरक ओळखा’ची पानं बघ: पेनाने भरलेली, कूपन कापलेली. शेवटी पिनांभोवती तपकिरी वलय आहे का ते. गंज तिथून आत उतरतो, आणि काही वर्षांत कागद पिनेभोवती तुटून पान सुटं होतं.

बाइंडिंग केलेले खंड वेगळे मोज. आपल्याकडे दहा-बारा अंक एकत्र शिवून पुठ्ठा लावायची पद्धत होती, आणि बाइंडर कडा कापून सारख्या करायचे. वाचायला ते उत्तम, पण सुट्या अंकाचा भाव त्यांना येत नाही. सुटे करायला जाऊ नकोस, डिंकाने कणाच फाटेल.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून ठेवायचं ठरो की विकायचं, जपणुकीचं काम आत्ताच कर. हे अंक स्वस्त कागदावर छापलेले. अशा कागदात लाकडाचा लगदा तसाच असतो, त्याला आम्ल सुटतं आणि कडांपासून पिवळेपणा आत सरकतो. उजेड आणि दमट हवा मिळाली की वेग वाढतो. म्हणून आजीच्या पद्धतीने पुस्तकांना ऊन दाखवतात तसं कॉमिक्सना दाखवू नकोस. सावलीत, पंख्याखाली, उभे करून वाऱ्यावर ठेव. साड्या ठेवायच्या जाड, वास येणाऱ्या पारदर्शक पिशव्या बहुतेक पीव्हीसीच्या असतात. त्यातला चिकटपणा सुटतो आणि मुखपृष्ठाची शाई त्यावर चढते. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या घे आणि पाच-सात वर्षांनी बदल. मायलरच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, महाग पडतात, पण दुर्मीळ दहा-वीस अंकांना त्याच वापर. मागे लावायचा पुठ्ठा आम्लरहित हवा. स्टेशनरीच्या दुकानातला करडा पुठ्ठा लावलास तर मागच्या पानावर तपकिरी डाग उमटतात. आजच्या अमेरिकी अंकांसाठी बनवलेल्या पिशव्या उंच आणि अरुंद असतात, कारण तो अंक साधारण 6⅝ बाय 10¼ इंचांचा. आपले जुने अंक त्याहून रुंद निघतात. कोंबून घातले की कोपरे मुडपतात, तेव्हा पट्टीने मोजून मगच मागव.

खोक्यात अंक उभे ठेव, इतके घट्ट नको की काढताना ओढावं लागेल आणि इतके सैल नको की वाकतील. खोकं जमिनीपासून वीतभर उंच, आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, ओल तिथूनच येते. झाकण घट्ट बसत असेल तर आत सिलिका जेलची पुडी ठेव, उघड्या कपाटात तिचा काही उपयोग नाही. डांबरगोळ्या टाकू नकोस, तो वास कागदातून जात नाही आणि प्लॅस्टिकही चिकट होतं. कसर लागलेला अंक दिसला तर तो इतरांपासून दूर कर, दोन पिशव्यांत हवाबंद गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेव, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नकोस. लगेच उघडलीस तर गार कागदावर हवेतलं पाणी धरतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नकोस. ती पिवळी पडून सुटते, तिचा चिकट डाग मात्र कायमचा राहतो.

आता विकण्याचं. सहा आठवड्यांनी, परीक्षा करून, जे खरंच जाऊ द्यायचं ते ठरलं की आधी नोंदवही कर. मालिका, भाषा, क्रमांक, साल, पानं पूर्ण की अपूर्ण, पिना, शिक्का किंवा नाव, एवढे रकाने पुरेत. मग चार ढीग: ठेवायचे, एकेकटे विकायचे, एकगठ्ठा विकायचे, देऊन टाकायचे. डबल अंक आधी काढ, त्यात मन अडकलेलं नसतं.

प्रदर्शनातल्या टेबलावर विकू नकोस. विक्रेत्याला टेबलाचं भाडं, प्रवास आणि पडून राहिलेला माल यांचा हिशोब असतो, म्हणून तो ज्या भावाने विकतो त्याच्या निम्म्याहून कमी देईल, आणि त्याच्या बाजूने ते योग्यच आहे. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेणारे आहेत, पण तिथे तुला गठ्ठ्याचा भाव मिळेल. डबल आणि फाटके तिथे द्यायला हरकत नाही. चांगले अंक जमवणाऱ्यांच्या गटांत, थेट वाचकाला विक. एकाच नायकाचे किंवा सलग क्रमांकांचे आठ-दहा अंक एकत्र लावलेस तर ते लवकर जातात. फोटो चार काढ: पुढचं, मागचं, मधली पिन, आणि अंकातला सगळ्यांत वाईट दोष. दोष आधी दाखवलास की परत पाठवण्याचा वाद होत नाही. पाठवताना अंकापेक्षा बोटभर मोठे दोन पन्हळी पुठ्ठे घे, एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पाकीट कुठेही वाकत नाही. चिकटपट्टी पुठ्ठ्यालाच लाव, अंकाच्या पिशवीला नको. उघडणाऱ्याच्या कात्रीने मुखपृष्ठ कापलं जाण्याचे प्रकार तिथूनच होतात. जून ते सप्टेंबर पोस्टाने पाठवणं शक्यतो टाळ, आणि टळत नसेल तर आत प्लॅस्टिकचा एक वेढा जास्त दे.

देऊन टाकायचे अंक रद्दीत नको. टिंकल आणि अमर चित्र कथेचे डबल अंक जवळच्या शाळेच्या किंवा वस्तीतल्या वाचनालयाला दे, तिथे ते वाचून फाटतील, आणि त्यांचं सोनं होईल. मोठ्या ग्रंथसंग्रहालयात नेण्याआधी फोन करून विचार. कॉमिक्स घेतातच असं नाही, आणि न विचारता ठेवलेला गठ्ठा कोपऱ्यात ओला होतो.

मराठी इंद्रजाल मात्र घाईने मोडू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. इंग्रजी अंकांच्या याद्या, मुखपृष्ठं, तारखा जगभरच्या वाचकांनी जपून ठेवल्यात. मराठीचं तितकं झालेलं दिसत नाही. कुठला अंक कुठल्या महिन्यात आला, शीर्षक काय दिलं, भाषांतर कुणाचं, आत मराठी जाहिराती कुठल्या, हे ज्या अंकात छापलंय तो अंकच त्याचा पुरावा. तुझ्याकडे मराठी अंक किती आहेत ते तू पत्रात लिहिलं नाहीस. विकायचेच ठरले तरी ते एकाच हाती, एकत्र जावेत असं बघ, आणि जाण्याआधी प्रत्येकाचं शीर्षक, क्रमांक, तारीख, किंमत आणि श्रेय तुझ्या वहीत उतरलेलं असू दे.

तेव्हा पहिलं काम ते कर. मराठी अंक वेगळे काढ, वरचे रकाने भर, आणि ती पानं मला पाठव. यादीत अडकलेला तो अंक तू तिथेच ठेवून आलास ना? त्याचा क्रमांक आणि सांगितलेला भावही कळव. पंचवीस अंकांच्या परीक्षेचा कागद आला की काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे आपण मिळून ठरवू.

तुझा,
काका